घोरपडीचे चार पट्टे

४ मार्च

प्रिय पक्कड,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आपला फोन स्वयंपाकघरात आहे आणि तुझी आई कुठल्याही खोलीत असली तरी तिचे कान स्वयंपाकघरातच असतात. शिवाय जे सांगायचंय ते तू हसत असताना सांगणं मला जमणार नाही. पत्र वाचून हसलीस तरी मला ऐकू येणार नाही.

तर ऐक. मी गाडी खाली घेतली.

लगेच कपाळाला हात लावू नकोस. निवृत्त झाल्यावर घेतलेली ती दोन सीटांची गाडी. शेडमध्ये उभी असली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ जायची. एवढी देखणी गाडी, आणि आखूड पायजमा घातल्यासारखी दिसायची. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले, रेघ कुठे हवी ते माझ्या डोळ्याला कळतं. म्हणून उंची कमीजास्त करता येणारे शॉक आणि स्प्रिंग मागवले, शेडमध्ये आडवा पडून स्वतः बसवले आणि उंचीची रिंग फिरेल तितकी खाली फिरवली. आता मुठीऐवजी करंगळी जाते. दिसते कशी म्हणशील, तर समोरचे शिंपी कात्री हातात धरून बघत उभे राहिले.

चालते कशी, ते विचारू नकोस. तू विचारणारच, म्हणून सांगतो. रस्त्यात गटाराचं झाकण आलं तरी खालून कोणीतरी लाथ मारतं. वळणावर खड्डा आला की मागची चाकं उडी मारतात. शॉकच्या दांड्यावर ते रबर असतं ना, बंप रबर, गाडी पार दबली की शेवटचा धक्का झेलणारं, तेच आडवं येतंय असं मला वाटलं. म्हणून चारही रबरं निम्मी कापली. तेव्हापासून लाथ जास्तच जोरात बसते.

आई एकदाच बसली. बेकरीपर्यंत गेलो आणि आलो. उतरताना म्हणाली, “ही गाडी नाही, घोरपड आहे. जमिनीला पोट लावून चालते. मी नाही बसायची.” आता बघ, तुझं शिक्षण संपेपर्यंत जिने लाँड्रीची व्हॅन चालवली, चादरींचे गठ्ठे आणि कसलेही रस्ते, तिची पाठ माझ्याच गाडीत दुखायला लागली. मी रोज विचारतो, “बसतेस का?” रोज मान हलवते.

मला एकच हवंय. तिला शेजारी बसवून घाटातून तुझ्याकडे यायचं. त्यासाठीच ही गाडी घेतली, हे तिलाही सांगितलेलं नाही. तू शॉकच्या वर्कशॉपात, आणि तुला न विचारता मी उद्योग केला. व्हायचं ते झालं. आता निस्तरायचं कसं ते सांग.

तुझा
बाबा

९ मार्च

बाबा,

हसले. आमच्या वेल्डरबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, त्यांना वाचून दाखवलं. त्याही हसल्या. तुम्हाला ऐकू आलं नसेल म्हणून कळवते.

आता नीट वाचा. दांडा शॉकच्या नळीत जितका आत जाऊ शकतो, तेवढी त्याची चाल. तुम्ही गाडी इतकी खाली घेतलीत की नुसतं उभं राहण्यातच ती चाल जवळपास संपते. पुढे खड्डा आला तर दांड्याने जायचं कुठे? पहिल्याच धक्क्याला रबर टेकतं. घरात पाऊल टाकलं की भिंत, असं झालंय तिचं.

आणि रबर कापलंत कुठल्या बाजूने? लिहू नका, मला माहीत आहे. त्याचं एक टोक निमुळतं असतं, दुसरं जाड. तुम्ही निमुळतं उडवलंत. ते मऊ असतं, भार हळूहळू घेतं. राहिलं ते जाड, टणक बूड. बाबा, जन्मभर पेन्सिलींना टोकं काढलीत आणि एका रबराला एवढंसं टोक होतं, तेही ठेवलं नाहीत!

पार्सलमध्ये चार नवी रबरं आहेत. जाड बाजूने मीच कापून दिली आहेत. मापाचं विचारू नका, बसवा. रबर काढूनच टाकावं असा विचार मनात आला तर तो विचार काढून टाका, लोखंडावर लोखंड आपटून शॉकचं पोट फुटेल. रिंग वर फिरवा, करंगळीऐवजी दोन बोटं जाऊ द्या. दिसायला थोडी आखूड पायजम्याकडे झुकेल, सोसा.

मग चारही शॉकच्या दांड्यांना वायरी बांधायचा प्लास्टिकचा पट्टा आवळा आणि खाली नळीच्या तोंडाशी टेकवून ठेवा. गाडी दबली की नळी पट्ट्याला वर ढकलते. गाडी परत उठते, पट्टा तिथेच राहतो. फिरून आलात की खाली वाकून बघायचं. पट्टा जिथे थांबला तिथपर्यंत गाडी दबली होती. रबराला भिडला असेल तर मला कळवा.

आमच्याकडे एक नियम आहे. ज्याने शॉक बसवला त्याने ट्रायल घ्यायची नाही. बसवणाऱ्याचा जीव गाडीत अडकलेला असतो, तो खड्डे चुकवत चालवतो आणि म्हणतो, छान झालं. तुम्हाला दुसरं कोण मिळणार, तेव्हा तुम्हीच चालवा. पण खड्डे चुकवू नका.

पाठीचं म्हणाल तर मागच्याच महिन्यात आईने एकटीने कपाट सरकवलं होतं. सहज आठवलं.

तुमची
पक्कड

२१ मार्च

प्रिय पक्कड,

तू म्हणालीस तसं सगळं केलं. दोन बोटं. नवी रबरं, टोक खाली. चार दांड्यांना चार पट्टे. गाडी आता चालत नाही, वाहते! बेकरीच्या पुढे जाऊन मोठ्या रस्त्याने फिरून आलो, वाकून पाहिलं, तर पट्टे रबरापासून चांगले अंगठाभर खाली. गटाराचं झाकण आलं तेव्हा मी डोळे मिटले होते, काहीच झालं नाही. (थोडेसेच मिटले.)

आईला सांगितलं, “आता बस, पाठीला कळणारसुद्धा नाही.” ती म्हणाली, “वा,” आणि बटाटे सोलत राहिली.

पण एक भानगड आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिंप्यांना पट्टे दाखवायला खाली वाकलो, तर चारही पट्टे वर. रबराच्या अगदी हनुवटीशी! आणि गाडी मी हलवलेली नव्हती. पट्टे खाली केले. दोन दिवसांनी बघतो तर पुन्हा वर. शेडला कडी, किल्ली खुंटीवर. शिंपी म्हणाले, “प्लास्टिक आहे, उष्णतेने चढत असेल.” त्यांना कपड्यातलं कळतं, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

माझा अंदाज असा की शॉकमधला वायू दुपारी तापतो, मग थंड होतो, आणि त्या ओढाताणीत गाडी उभ्याउभ्या श्वास घेते. आलेख काढतो आहे.

एक चांगली बातमी. गाडी पेट्रोल पीतच नाही. परवा काटा निम्म्यावर होता, आज निम्म्याच्या वर आहे. जुन्या गाड्यांची गोष्टच वेगळी.

बाबा

२६ मार्च

बाबा,

पट्ट्याला पाय नसतात. तो एकाच कारणाने वर जातो, गाडी दबल्यामुळे. आणि उभ्याउभ्या श्वास घेणारी गाडी मी अजून पाहिलेली नाही. आमच्या वर्कशॉपात तुमचा आलेख भिंतीवर लावायचं ठरलंय, लवकर पाठवा.

तेव्हा खरं बोला. तुम्ही जोरात चालवताय. मला एक फेरी सांगताय आणि दुसरी लपवताय. पट्टे हनुवटीपर्यंत गेले म्हणजे वळणावर चांगलं दाबून घेतलंय कोणीतरी, खड्डे न चुकवता. या वयात! मला अभिमान वाटावा की काळजी, ते ठरवते आहे.

पेट्रोलचा काटा बिघडलाय. किलोमीटरचा आकडा तर तुम्ही गाडी घेतली तेव्हापासून अडकलेलाच आहे.

एक मात्र मान्य करते. जो कोणी चालवतो आहे, त्याचा हात चांगला आहे. पट्टे हनुवटीपाशी थांबलेत, एकदाही दाणकन आदळलेले नाहीत.

पक्कड

२ एप्रिल

पक्कड,

माझ्यावर असा संशय घेशील असं वाटलं नव्हतं. मी जोरात चालवत नाही. तुझ्या आईला विचार, मी जिना उतरतानासुद्धा जोरात उतरत नाही.

पण आता त्या पट्ट्यांची चिंताही नको. गाडी विकतो आहे. बेकरीच्या वर दवाखाना आहे त्या दंतवैद्यांना पसंत पडली. परवा येऊन दार उघडून आत असे वाकून बघत होते की मला वाटलं, आता हिला “आ” करायला सांगतात. रविवारी, १४ तारखेला, घेऊन जातील.

का, ते तुला सरळ सांगतो. एकट्याने फिरायला मला ती नको आहे. शेजारची सीट रिकामी असली की ती गाडी मला मोठी वाटते, आणि आहे केवढीशी! त्या दिवशी पुन्हा विचारलं, “बसतेस का?” पुन्हा नाही. मग म्हटलं, विकून टाकतो. आई म्हणाली, “गाडी तुमची आहे.” आणि धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं. सुटली बिचारी.

माझंही वय झालंच म्हण. हल्ली आत बसलो की गुडघे स्टिअरिंगला लागतात. पूर्वी लागत नव्हते. माणूस म्हातारपणी आखडतो असं ऐकलं होतं, मी लांब व्हायला लागलोय.

तुझ्याकडे बसने येऊ.

बाबा

५ एप्रिल

आई,

हे पत्र शिंपीकाकांच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण आपल्याकडे टपाल बाबा घेतात.

मला सांग. एक सीट आपोआप पुढे सरकते, एक पेट्रोलची टाकी आपोआप भरते, चार पट्टे आपोआप वर चढतात, आणि हे सगळं होतं तेव्हा एक निवृत्त ड्राफ्ट्समन जेवून रेडिओ लावून झोपलेले असतात. मी त्यांच्यावरच आळ घेतला, ते रुसलेत. तू मात्र मला फोनवर इतकंच सांगत होतीस की दुपारी काही सुचत नाही, पडून असते.

घोरपड दुपारी कुठे जाते गं?

तुझी
पक्कड

८ एप्रिल

पोरी,

पत्र पोचलं. शिंप्यांनी ते अस्तराच्या कापडात गुंडाळून दिलं. आम्ही दोघं बँक लुटणार आहोत असा त्यांचा चेहरा होता.

हो. मीच.

तुझे बाबा जेवले की रेडिओ छातीवर ठेवून झोपतात. रेडिओ बोलतो, हे घोरतात, दोघांचं छान जमतं. मी शेडची कडी काढते. गल्ली उताराची आहे, इंजिन चालू करावं लागत नाही. शिंपी मागून जरा हात लावतात आणि गाडी आपणहून कोपऱ्यापर्यंत जाते. तिथे किल्ली फिरवायची. मग खाणीचा रस्ता. येताना वरच्या बाजूने यायचं, इंजिन बंद करून घरंगळत थेट शेडमध्ये. पेट्रोल जेवढं जाळते त्याहून थोडं जास्तच भरते. दुसऱ्याच्या वस्तूचं असंच करावं. सीट मागे सरकवायला कधी कधी विसरते. त्यांना ते वय वाटलं? बरं झालं.

आधी ती फार वाईट होती. खाणीपाशी वळण आहे, तिथे खालून अशी लाथ घालायची की मी शेतात जायची. तू रबरं पाठवलीस तेव्हापासून त्याच वळणावर अलगद बसते आणि अलगद उठते. काम तुझं आणि हात त्यांचा. एक नट ढिला नाही, मी वाकून पाहिलंय. तुझे ते पट्टे मात्र मला दिसले नाहीत, नाहीतर त्यांनाही खाली केलं असतं. इतकी चुगलखोर वस्तू गाडीला कशाला लावतात?

आता खरं ते सांगते. बेकरीपर्यंत शेजारी बसले तेव्हा माझी पाठ नाही दुखली. हात दुखले, मांडीवर नुसते ठेवून. इतकी वर्षं मी व्हॅन चालवली. हे गाडी शिकले ते माझ्याकडून, लाँड्रीच्या अंगणात, माझ्या व्हॅनचा क्लच जाळून. आणि घरात पहिली गाडी आली त्या दिवशी हे जे चालवायला बसले ते बसलेच. मी नकाशा धरला. मग व्हॅनची नोकरीही सुटली. हा माणूस मला रोज विचारतो, बसतेस का. चालवतेस का, असं एकदाही विचारलेलं नाही. मी मागणार नाही. मागून मिळालं तर ते आपल्याला शेजारी बसून शिकवायला लागतील.

विकतो म्हणाले तेव्हा मला “नको” म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, गाडी तुमची आहे. मग पातेलं घासत बसले आणि रडले. तुला म्हणून सांगते. मला ती जायला नको आहे. इतकं हलकं वाटतं तिच्यात.

यातलं एक अक्षर त्यांना सांगशील तर याद राख.

आई

१० एप्रिल

बाबा,

माफी मागते. जोरात चालवणारे तुम्ही नव्हेत, हे मला आता पटलं. कसं पटलं ते विचारू नका.

गाडी खुशाल विका. पण माझं काम अर्धवट सोडून विकू नका. आमचा नियम मी लिहिला होता, बसवणाऱ्याने ट्रायल घ्यायची नाही. त्याने शेजारच्या सीटवर बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि पाठीने ऐकायचं. चालवायला दुसरं कोणीतरी घ्यायचं, ज्याने वर्षानुवर्षं भरलेली गाडी कसल्याही रस्त्यांवरून नेली आहे. असं कोणी तुमच्या ओळखीत आहे का बघा. फार लांब जावं लागेल असं मला वाटत नाही.

मात्र “बसतेस का” असं विचारू नका. तो प्रश्न तुम्ही पुरेसा विचारलाय.

रविवारी सकाळी, दंतवैद्य यायच्या आत करा. पट्टे खाली करायला विसरू नका.

पक्कड

१५ एप्रिल

प्रिय पक्कड,

तुझं पत्र मी शनिवारी वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि तरी रविवारी सकाळी आठवलेली माणसं कोण, तर बसचे ड्रायव्हर आणि तो भाजीचा टेम्पोवाला. तोंड धुताना एकदम आठवलं की माझ्या घरात कोण राहतं. मी आरशात स्वतःला काय म्हणालो ते लिहीत नाही.

स्वयंपाकघरात गेलो. ती ओटा पुसत होती. म्हटलं, “अगं, गाडी चालवतेस का?”

तिने फडकं पिळलं. वाळत घातलं. हात पुसले. मग हात पुढे केला आणि म्हणाली, “किल्ली.”

शेडमध्ये मी उघडायच्या आत कडी तिने काढली, ती कडी जराशी उचलून ओढावी लागते, ते मला एकट्यालाच माहीत आहे असा माझा समज होता. आत बसली आणि न बघता डावा हात खाली गेला, खट, सीट बरोबर तिच्या मापाला पुढे. मी शेजारी. आणि तेवढ्यात समोरून शिंपी धावत आले, सवयीने मागे जाऊन डिकीला दोन्ही हात लावले, आणि मग त्यांना आरशात मी दिसलो. मी त्यांना बघितलं. ते म्हणाले, “सदरा तयार आहे तुमचा.” माझा कुठलाही सदरा त्यांच्याकडे नाही.

तुझी आई समोर बघत म्हणाली, “ढकला आता. आलाच आहात तर.”

पक्कड, मी खाणीच्या रस्त्याने आयुष्यात पुन्हा कधी जाणार नाही, असं तिथे तीनदा ठरवलं. हात दाराच्या मुठीवरून निघत नव्हता. मी “खड्डा!” म्हणालो, ती म्हणाली, “दिसतो मला.” पुन्हा म्हणालो, तर म्हणाली, “तुम्हाला पाठीने ऐकायचं सांगितलंय ना, मग तोंडाचं काय काम?” हे तिला कसं माहीत, ते मी विचारलं नाही. त्या वळणावर गाडी अलगद बसली आणि अलगद उठली, आणि मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, माझ्याकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून. लाँड्रीच्या अंगणात मी क्लच जाळला त्या दिवशी ती अशीच हसली होती. त्यानंतर मी इतकी वर्षं चालवत राहिलो आणि शेजारी काय बसलंय ते बघायचं राहूनच गेलं. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

परत आलो तेव्हा दंतवैद्य शिंप्यांच्या स्टुलावर वाट बघत होते. मी तोंड उघडायच्या आत आई खिडकीतून म्हणाली, “डॉक्टर, गाडी काढायची नाही. मुळं पक्की आहेत.” ते हसले, बिचारे चालत गेले.

पट्टे पाहिले. तिच्या बाजूचे नेहमीसारखे रबराच्या हनुवटीशी. माझ्या बाजूचा मागचा मात्र थेट रबराला भिडलेला. हेच तू कळवायला सांगितलं होतंस ना? दोष शॉकचा नाही, माझ्या वजनाचा आहे. मागची रिंग अजून किती फिरवू ते कळव.

शनिवारी तुझ्याकडे येतो. घाटातून. मी नकाशा धरणार आहे.

आणि एक. दुपारच्या फेऱ्यांचं मला कळलंय, हे तिला सांगू नकोस. दुपारी मी झोपतोच आहे. रेडिओ लावून.

बाबा

ता. क. पोरी, हे पत्र टाकायला मीच निघाले, गाडीने. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. त्यांच्या बाजूची रिंग चांगली वर फिरवायला सांग, घाटात मला पट्टा रबराला लागलेला चालायचा नाही. आणि मी हे वाचलंय, ते त्यांना सांगू नकोस. दुपारी खूप छान झोपतात ते. आई.